भेस्तानची कानबाई

श्रावणातला शनिवार. दोंडाईच्याच्या फलाटावर माणसांपेक्षा पिशव्या जास्त होत्या. दादर, उडीद, लाल मिरची, कुणाच्या डब्यात भरिताची वांगी, कुणाकडे गोणपाटात बांधलेले बिबडे. सुरतेत राहणारा खानदेशी माणूस गावाहून मोकळ्या हाताने परतत नाही. माझ्याकडे गहू होते. शिंदखेडा तालुक्यातल्या आमच्या शेतातले, चाळून, निवडून, पांढऱ्या धडप्यात बांधलेले. शेजारी माझी नऊ वर्षांची मुलगी बसली होती आणि तिला एकच प्रश्न पडला होता, की सुरतेत गहू मिळत नाहीत का?

मिळतात. मी आता नाशिकला असते, आणि नाशिकहून भेस्तानला जायला सापुताऱ्याचा रस्ताही जवळचा. पण कानबाईच्या रोटाचे गहू गावच्या शेतातलेच पाहिजेत, हा आजीचा नेम होता. आजोबांची नोकरी लागली, पोरं मोठी झाली, शेताचे वाटे पडले, तरी तिने हा नेम मोडला नाही. ती असेपर्यंत गहू आणायला आबा, म्हणजे माझे वडील, जात, नाहीतर काका. या वर्षी मी मागून घेतलं. आजी गेल्यानंतरची ही पहिली कानबाई. गेल्या श्रावणात वर्ष उलटलं नव्हतं, म्हणून बसवली नाही.

ज्यांना खानदेश ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. नागपंचमीनंतरच्या पहिल्या रविवारी धुळे, नंदुरबार, जळगावकडच्या घरांत कानबाई बसते. चौरंग मांडायचा, नारळाला देवीचं रूप द्यायचं, नथ-दागिने घालायचे, वर फुलोरा बांधायचा. नैवेद्याला पुरणपोळी, खीर, गंगाफळाची भाजी, गिलक्याची भजी. रात्रभर गाणी. सोमवारी वाजतगाजत पाण्यावर नेऊन निरोप. आणि या सगळ्याच्या मुळाशी रोट. घरातल्या एकेका पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजून घ्यायचे, वेगळे दळायचे, आणि त्या पिठाचं जे होईल ते भाऊबंदकीतच खायचं. बाहेर द्यायचं नाही, राखीपौर्णिमेच्या आत संपवायचं. म्हणजे वर्षातून एकदा घर मोजलं जातं, धान्याने. कोण आपला आणि कोण नाही, हे सुपात दिसतं.

आमच्या आजीने या सुपाचं काय केलं, ते सांगण्यासाठी हे लिहिते आहे.

नंदुरबार सुटलं की गाडी हिरव्यात शिरते. खांडबारा, चिंचपाडा, साग आणि भाताची खाचरं, रुळांलगत छत्री धरून उभी असलेली बाई, मग नवापूर. नवापूरच्या स्टेशनाची कीर्ती मुलीला आधीच सांगून ठेवली होती. फलाटाचा एक भाग महाराष्ट्रात, दुसरा गुजरातेत. सीमारेषेवर एक बाकडं आहे, त्यावर दोन्ही राज्यांची नावं रंगवलेली, आणि लोक त्यावर बसून फोटो काढतात. गाडीची घोषणा मराठी, गुजराती, हिंदी आणि इंग्रजीतून होते. १ मे १९६० रोजी मुंबई राज्य दुभागलं तेव्हा रेघ स्टेशनावरून गेली आणि स्टेशन होतं तिथेच राहिलं. आजी या रेघेवरून आयुष्यभर ये-जा करत राहिली. तिला ती कधी जाणवली असेल असं मला वाटत नाही. तिच्या लेखी एक गाव होतं, एक भेस्तान होतं, आणि दोन्हींना जोडणारी सुरत-भुसावळ पॅसेंजर होती. गाडीत ती कधी झोपायची नाही. समोर बसलेली बाई कुठली, कुणाच्या घरची, सुरतेत कुठे राहते, हे विचारता विचारता व्यारा यायचं, आणि तोवर त्या बाईचं आणि आमचं काही ना काही नातं निघालेलं असायचं.

पुढे सोनगड. डोंगरावरचा किल्ला पावसात धूसर दिसत होता. पिलाजीराव गायकवाडांनी इथूनच आपलं बस्तान बसवलं आणि ते घराणं पुढे बडोद्याला गेलं. मराठी माणसं या वाटेने फार पूर्वीपासून पश्चिमेला उतरत आली आहेत, कुणी घोड्यावरून, कुणी जनरलच्या डब्यातून. मढीला खमणी घेतली, कारण मढीला खमणी घेतल्याशिवाय आमच्या घरचं कुणी पुढे गेलेलं नाही. बारडोलीला उसाने भरलेली शेतं लागली. इथल्या शेतकऱ्यांनी १९२८ साली सारावाढीविरुद्ध लढा दिला आणि जिंकला, हे मी मुलीला सांगितलं. ती खमणी खात ऐकत होती.

आजी-आजोबा या वाटेने उतरले ते १९७२ च्या दुष्काळानंतर. त्या वर्षी दोघं रोजगार हमीच्या कामावर खडी फोडत होते. सुकडी आणि मिलो खाऊन दिवस काढले, हे आजी सांगायची. मिलोच्या भाकरीचा लाल रंग तिच्या डोळ्यांपुढून कधी गेला नाही. पुढे कधीही घरात भाकरी करपली तर टाकू द्यायची नाही. गावातला कुणी उधन्याला लूमवर लागला होता, त्याच्या भरवशावर आजोबा आधी एकटे आले आणि दोनेक वर्षांनी तिला घेऊन आले. खात्यात, म्हणजे लूमच्या कारखान्यात, बारा तासांची पाळी, एक आठवडा दिवसाची, एक आठवडा रात्रीची. सुरतेच्या साड्या देशभर जातात, पण त्या विणणारी माणसं कुठून आली, हे विचारलं तर उत्तरात निम्मा भारत येतो. गंजामचे ओडिया, उत्तर प्रदेश-बिहारचे, आणि आमचे खानदेशी. लिंबायत, डिंडोली, उधना, पांडेसरा, भेस्तान या पट्ट्यात आजही अहिराणी बोलत दिवस काढता येतो.

उधन्याला उतरलो. भेस्तान पुढचंच स्टेशन, पण पिशव्या आणि पोर घेऊन दुसऱ्या गाडीची वाट पाहण्यापेक्षा बीआरटीएस बरी. सुरतेची पहिली बीआरटीएस याच रस्त्यावर, उधना दरवाजा ते सचिन जीआयडीसी नाका अशी, २०१४ साली सुरू झाली. खिडकीतून पांडेसऱ्याच्या डाइंग-प्रिंटिंग मिलांची धुराडी दिसतात. काचा लावल्या तरी रसायनाचा वास आत येतोच, आणि मला तो वास आला की घरी आल्यासारखं वाटतं. हे सुंदर नगर नाही. रस्ते ट्रकांनी खोदलेले असतात, खाडीच्या पाण्याला कुठल्याशा साडीचा रंग असतो. पण शेव-भाजीचे गाडे आहेत, कळण्याची भाकरी मिळते, श्रावणात गल्लीच्या तोंडाशी कानबाईचा मांडव असतो. माणूस जिथे राबतो तिथे आपलं गाव उभं करतो, आणि भेस्तानला ते बायकांनी उभं केलं. पुरुष पाळीवर असत किंवा पाळीवरून येऊन झोपलेले असत.

आमचं घर बारा बाय चाळीसच्या प्लॉटवर आहे. आधी एक खोली आणि पुढे पत्रा होता. पत्र्याखाली आजी साड्यांचा गठ्ठा घेऊन बसायची. टिकल्या चिकटवणं, खडे लावणं, धागे कापणं, लेस जोडणं, मार्केटमधून जे काम येईल ते. पैसे नगावर मिळत, आणि ते इतके थोडे असत की दिवसभराचे मोजायलाही फार वेळ लागत नसे. शेजारच्या बायका आपापले गठ्ठे घेऊन तिथेच येऊन बसत. कुणाच्या पोराला ताप, कुणाच्या नवऱ्याने पगार उडवला, कुणाच्या सुनेला दिवस गेले, सगळ्यांचा निवाडा तिथेच व्हायचा. आख्खी गल्ली तिला माय म्हणायची. तिने त्या नगांच्या पैशांतून आम्हा नातवंडांना महानगरपालिकेच्या मराठी शाळेत घातलं, दप्तरं घेतली, आणि संध्याकाळी हातातलं काम न थांबवता आमच्याकडून पाढे म्हणवून घेतले. तिला वाचता येत नव्हतं. पाढे मात्र सगळे येत होते. चुकलो की सुईवरची नजर न हटवता म्हणायची, "परत म्हन."

आता सुपाची गोष्ट.

माझी फुई, म्हणजे आत्या, सासरहून परत आली तेव्हा मी फार लहान होते. का आली, ते सांगण्याची गरज नाही. बाई अशी परत येते तेव्हा कारण सगळ्यांना माहीत असतं. त्या श्रावणात गहू मोजायला बसल्यावर आजीने आजोबांच्या नावाची सव्वा मूठ घेतली, आबांची घेतली, काकांची घेतली, आणि मग फुईचं नाव घेऊन घेतली. गावाहून आलेले भाऊबंदकीतले एक वडीलधारे होते. ते म्हणाले, पोरीची मूठ नसते. रीतीप्रमाणे ते बरोबरच होतं. लेक माहेरच्या रोटाची नाही. सासरच्या सुपात तिचं नाव मुळातच नसतं, तिथे नवऱ्याची मूठ पडते आणि ती त्यात आली असं धरतात. फुईला मग दोन्हीकडे काहीच उरलं नव्हतं. आजीने त्यांना उत्तर दिलं नाही. पुढची सव्वा मूठ तिने माझ्या आईच्या नावाने घेतली, मग काकूच्या, मग आम्हा पोरींच्या. आई सांगते, सूप भरत गेलं आणि खोलीत कुणी बोलेना. सगळ्यांची झाल्यावर आजीने विचारलं, "कोनी ऱ्हायनं का?" तिने आवाज चढवला नव्हता, भांडण केलं नव्हतं. मोजणीच वाढवली होती.

सप्टेंबर १९९४ मध्ये सुरतेत प्लेग आला. आम्ही शहर सोडलं ती रात्र मला तुकड्यातुकड्यांनी आठवते. तोंडाला बांधलेला ओला रुमाल. काकांनी कुठून तरी मिळवलेल्या टेट्रासायक्लीनच्या गोळ्या, कारण दुकानांतला साठा संपला होता. उधन्याच्या फलाटावरची गर्दी, खिडकीतून आत ढकललेली मी. सरकारी हिशेबाने मेलेली माणसं पन्नासच्या आसपास, पण शहर सोडून पळालेली लाखोंनी. आमच्या शेजारच्या खोलीत आजोबांच्याच खात्यात काम करणारा एक ओडिया मुलगा राहत होता. गंजामचा, अठराएक वर्षांचा. पगार अडकलेला, घर हजार मैलांवर, खोलीतले बाकीचे सोबती निघून गेलेले. आम्ही निघालो तेव्हा तो दारात उभा होता. आजीने त्याच्या हातात एक पिशवी दिली आणि म्हणाली, "चाल."

गावाने आम्हाला लगेच आत घेतलं नाही. सुरतेहून आलेल्यांची तेव्हा सगळ्यांना धास्ती होती, आणि मी आज त्यांना दोष देत नाही. आम्ही काही दिवस शेतातल्या खोपीत राहिलो. तो मुलगा विहिरीवरून पाणी आणायचा, मला खांद्यावर घेऊन बांधाबांधाने फिरायचा. परत येईपर्यंत तो मोडकी अहिराणी बोलायला लागला होता. पुढच्या श्रावणात, १९९५ मध्ये, आजीने त्याच्या नावाची सव्वा मूठ सुपात टाकली. या वेळी भाऊबंदकीने ऐकून घेतलं नाही. परजात, परमुलूख, आणि रोट! आजी एवढंच म्हणाली, "तो बी आपलाच शे." ते वडीलधारे त्या वर्षी न जेवता गेले आणि पुढे बरीच वर्षं आले नाहीत. आजोबा फार अस्वस्थ झाले होते. रीत मोडली म्हणून घरावर काही येईल ही भीती खरी होती, आणि माझ्या मते आजीलाही ती होती. देवीपुढे ती त्या रात्री नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली, असं आई सांगते. पण मूठ परत काढून घेतली नाही.

त्याच वर्षी एस. आर. राव महापालिकेचे आयुक्त म्हणून आले आणि सुरतेची झाडलोट सुरू झाली. शहर खरोखर बदललं. २००६ च्या ऑगस्टमध्ये उकाई धरणातून पाणी सोडलं आणि तापी शहरात शिरली. आमच्या गल्लीत पाणी आलं नाही, म्हणून रांदेर-अडाजणकडची ओळखीची माणसं आमच्याकडे येऊन राहिली. राखीपौर्णिमा तोंडावर आलेली होती. डब्यात रोट होता. आजीने तोही वाढला. तोवर आमच्या घरात कुणी तिला काही विचारत नव्हतं.

संध्याकाळी घरी पोचलो. फुईने दार उघडलं आणि गव्हाचं गाठोडं माझ्या हातून घेताना म्हणाली, "उनी का माय?" खानदेशात लेकीबाळींनाही माय म्हणतात. मुलगी तिला बिलगली. आत काकू पुरणाची डाळ निवडत होती. चुलतभाऊ मार्केटमधल्या दुकानातून अजून यायचे होते. आणि ओटीवर ओडिया काका बसले होते, केस पांढरे, आता एका खात्यात मास्तर आहेत. बायको-मुलांसकट भेस्तानलाच राहतात. गणपतीला ते आमच्याकडे असतात, रथयात्रेला आम्ही त्यांच्याकडे.

रात्री जेवणं आटोपल्यावर सूप मांडलं आणि सगळे घोटाळले. मोजायचं कोणी? इतकी वर्षं मूठ आजीची होती. मान आता मोठ्या सुनेचा, म्हणजे माझ्या आईचा. पण आईच्या हाताला कंप आहे, गहू सांडतील म्हणून तिने काकूकडे पाहिलं. काकू उठली, हात धुतले, पदर खोचला, आणि सुपापाशी जाऊन थांबली. मग फुईला म्हणाली, "ताई, तुम्ही घ्या."

फुई दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. नवऱ्याने टाकलेली बाई. अशा बाईने देवीच्या कामात पुढे यायचं नाही, हे तिच्या अंगात इतकं मुरलं होतं की आजी असतानाही ती नेहमी मागेच उभी राहायची. ती नको म्हणाली. काकूने पुन्हा सांगितलं. आबा म्हणाले, "बठ." फुई बसली.

तिने आजोबांपासून सुरुवात केली नाही, ते आता नाहीत. आबांची सव्वा मूठ, आईची, काकांची, काकूची, चुलतभावांची, त्यांच्या बायकांची, पोरांची. ओडिया काकांची, त्यांच्या घरातल्या चौघांची. मग माझं नाव घेतलं. माझ्या सासरी कानबाई नाही, आणि असती तरी माझी मूठ तिथे पडली नसती. माझ्या नवऱ्याचं नाव घेतलं, जो नाशिकला होता. माझ्या मुलीचं घेतलं तेव्हा मुलगी पुढे झुकून दाणे नीट पडतात की नाही ते पाहत होती. फुईची मूठ आजीपेक्षा लहान आहे, पण ती घट्ट भरत होती. काकू शेजारी बसून बोटांवर नावं धरत होती. शेवटी फुई थांबली. काकू म्हणाली, "तुमची राहिली." तेव्हा फुईने स्वतःची घेतली.

गहू पुरले नाहीत. मी आणले होते ते मागच्या मोजणीच्या अंदाजाने, आणि घरात दोन लग्नं होऊन दोन बाळं आली होती. काकांनी कोठीतून गेल्या वर्षीचे गावचे गहू काढून दिले.

घंटीवाला, म्हणजे पिठाच्या गिरणीवाला, गुजराती आहे. कानबाईच्या दळणाआधी घंटी धुऊन-पुसून ठेवायची, हे आजीने त्याच्या बापाला शिकवलं होतं. त्याने ते तसंच चालू ठेवलंय. रविवारी पहाटेपासून घरात पाय ठेवायला जागा नव्हती. फुलोऱ्याच्या करंज्या मीच केल्या. रात्री गाणी रंगली. आजीची गाणी कुणी लिहून ठेवलेली नाहीत. जळगावच्या बहिणाबाईंची सोपानदेवांमुळे टिकली आणि १९५२ मध्ये पुस्तक झालं. आमच्याकडे ती काकूच्या आणि फुईच्या गळ्यात आहेत, मधे मधे गुजराती शब्द शिरलेली. माझ्या मुलीने दोन पाठ केली. एकात चाल चुकते आहे, पण सांगायला फुई आहे.

सोमवारी सकाळी कानबाईचा पाट निघाला. डिंडोलीकडून, पांडेसऱ्याकडून अशाच मिरवणुका येत होत्या. डीजे होते, डफ होते, गुलाल होता, वाहतूक अडली होती आणि पोलीस हात हलवून दमला होता. पाट फुईच्या डोक्यावर होता. ती थकली की काकू घ्यायची, मग ओडिया काकांची सून, मग मी. पाण्यावर पोचल्यावर आरती झाली. नारळ आमच्याकडे सोडत नाहीत, घरी आणून पुढच्या वर्षासाठी जपतात. फुईने तो पदरात बांधून घेतला आणि सगळ्यांत आधी काकूला विचारलं, की घरी भात लावून आलात की नाही, कारण दीड वाजून गेला होता आणि दुपारच्या पाळीची पोरं जेवायची होती.